टेन्शन माझं, पळापळ गावाची

आता तुमच्यापासून काय लपवू? चहा घ्या, अन् हसायचं ते एकदाच हसून घ्या.

मी गोंदियाला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. परीक्षा जवळ आली अन् असं टेन्शन आलं, की एकच पान दहादा वाचायचो! कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, "अरे, दिवसभर खुर्चीला चिकटून बसतोस. सकाळी पळत जा. डोकं हलकं होईल."

झालं! अभ्यासाच्या सुट्टीत चिचगडला घरी आलो अन् दुसऱ्याच दिवशी निघालो. कानात गाणी, जंगलाचा रस्ता, गार हवा. वा!

दिवस मोहफुलांचे. झाडांखाली बाया-माणसं टोपल्या घेऊन फुलं वेचत होती. मोहाच्या वासानं अस्वल येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाच तेवढं आठवलं नाही!

शेजारचे सुखरामकाका ओरडले, "काऊन गा पळून रायला?"

का पळतोस, हे गाण्यापुढे मला काय ऐकू येणार? वाटलं, कुठून आलास विचारताहेत. मागच्या जंगलाकडे हात दाखवला अन् तसाच पुढे पळालो.

काकांना काय समजायचं ते समजलं. "अस्वल! अस्वल आलं गा!"

मी सहज मागे पाहतो, तर अर्धं गाव माझ्यामागे! टोपल्या फेकलेल्या, पदर खोचलेले, काका सगळ्यांत पुढे. तेव्हा कुठे मला मोहाचं अस्वल आठवलं! एवढी माणसं पळताहेत म्हणजे मागे अस्वलच असणार ना? मग मी असा सुटलो म्हणता! मी वेग वाढवला की ते वाढवत, ते वाढवत की मी!

चौकात येऊन पारावर कोसळलो. काका धापा टाकत म्हणाले, "केवढं होतं गा अस्वल?"

"मले काय मालूम? तुमीच पायलं ना!"

"आमी कायले पाहू? पळत तर तू होता!"

"मी तर टेन्शन घालवाले पळत होतो, काका..."

मग काकांनी जे सुनावलं, ते चहासोबत सांगण्यासारखं नाही. शेवटी एक म्हातारी खो-खो हसली अन् सगळेच हसत सुटले. मीही! महिनाभरात तसा हसलो नव्हतो. सांडलेली फुलं मात्र दुपारपर्यंत मलाच वेचावी लागली. कंबर मोडली, पण झोप काय लागली म्हणता!

आता रोज पळतो. फक्त मी निघालो की माय दारात उभी राहून अख्ख्या मोहल्ल्याला ओरडून सांगते, "पळू नका जी कोनी! आमचा पोरगा टेन्शन काढाले जाऊन रायला!"