बुधवारपर्यंत पश्चिम, गुरुवारपासून चीन

"सगळ्यांनी असंच केलं तर?" हे म्हणताना ती चष्मा कपाळावर ढकलायची आणि समोरच्याकडे इतकं रोखून बघायची, की चष्म्याशिवाय तिला काहीच दिसत नाही हे आपण विसरून जायचो.

देवासच्या आमच्या कॉलेजात ती तत्त्वज्ञान शिकवायची, मी इतिहास. आम्ही दोघी तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तिकडच्या भाषेत 'अतिथी विद्वान'. म्हणजे वर्ग भरले तर विद्वान, नाही भरले तर नुसत्याच अतिथी. स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो. मी तिला ताई म्हणायला लागले आणि तिच्या तावडीत सापडले.

बशीत एकच समोसा उरला की ताई सरसावायची. "जर्मनीच्या एका म्हाताऱ्यानं सांगून ठेवलंय, सगळ्यांनी केलेलं चालेल तेच आपण करावं. आता हा समोसा सगळ्यांनी खाल्ला तर?" पुढे आलेले हात मागे जायचे. खेळाचे सर मात्र तो उचलून तोंडात टाकायचे. "मॅडम, सब कहाँ खा रहे हैं? मैं अकेला ही तो खा रहा हूँ!"

तत्त्वज्ञान घरात वापरायची वस्तू आहे असं तिचं ठाम मत होतं, आणि त्यासाठी तिनं आठवडा वाटून टाकला होता. सोमवार ते बुधवार पश्चिम, गुरुवार ते शनिवार चीन. रविवारी आई.

पश्चिमेच्या दिवशी ती प्रश्न विचारायची. "ताजी म्हणजे नेमकं काय?" असं तिनं घोसाळी निवडताना भाजीवाल्याला विचारलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "मैडम, गिलकी लेना हो तो लो, मेरी परीक्षा मत लो." चीनच्या दिवशी ती कशालाच जोर लावायची नाही. पाण्यासारखं वाहायचं, अडलं तर थांबायचं. एका शुक्रवारी तिची स्कूटी भर चौकात बंद पडली. ही तिच्यावर शांत बसून. मागच्या सीटवर मी, ओढणीत तोंड लपवून. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. ट्रॅफिकवाला धावत आला, तर ताई त्याला समजावते, "भिया, पानी अपना रास्ता खुद बना लेता है."

"पानी निकल जाएगा मैडम, आप गाड़ी निकालो!"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना हसताना आपल्याला बरं वाटतं; त्यांच्या घरी मात्र कोणीतरी कपाळाला हात लावून बसलेलं असतं. इथे ती तिची आई होती. ताईनं चाळिशी ओलांडली होती. स्थळं यायची आणि प्रश्नांनी घायाळ होऊन परत जायची. एकानं तर "कर्तव्य म्हणजे काय?" ऐकल्यावर पोहेही संपवले नव्हते.

मग धामनोदचं स्थळ आलं. हायवेवर शेतीच्या पंपांचं दुकान, लग्न राहून गेलेलं. आईंनी मला बाजूला घेतलं. "गुरुवारी बोलावते गं. गुरुवारी ती गप्प असते." पण गुरुवारी त्यांच्या दुकानात गर्दी. ते बुधवारीच आले.

मी पोह्यांवर शेव पेरत होते. ताईनं चष्मा कपाळावर ढकलला. आईंनी डोळे मिटले.

"सुख म्हणजे काय, तुमच्या मते?"

त्यांनी चमचा बशीत ठेवला. खरोखर विचार केला. "माहीत नाही."

"लग्न म्हणजे काय?"

"तेही माहीत नाही. केलं नाही ना कधी."

"मग इथे कशाला आलात?"

"तुम्हाला माहीत असेल, असं वाटलं."

ताई उठून आत आली ती तडक माठापाशी. गटागट पाणी प्यायली. मला वाटलं, हेही गेलं. पण तिचे कान लाल झाले होते. "अगं, 'मला माहीत नाही' असं सरळ सांगणारा माणूस शोधत तो ग्रीक म्हातारा जन्मभर गावात फिरला," ती कुजबुजली, "आणि हा धामनोदला पंप विकतोय!"

सगळं जुळलं असतं, पण त्याच महिन्यात कॉलेजचे प्रवेश झाले आणि तत्त्वज्ञान कोणीच घेतलं नाही. ताईला बोलावणं आलं नाही. ती घरी बसली आणि हट्टाला पेटली. आता होकार दिला तर नोकरी गेली म्हणून लग्न केलं असं होईल. "आणि सगळ्या बायकांनी असंच केलं तर?" हे म्हणताना चष्मा नाकावरच राहिला. तो वार कुठला होता कोणास ठाऊक. आठवड्याची वाटणी मोडली होती.

मी वैतागले. "सगळ्यांचं सोड ना ताई! तू एकटीनं, तुला आवडला म्हणून केलंस तर?"

ती उठून तडक माठापाशी गेली. यावर जर्मनीचं काही म्हणणं नसावं.

धामनोदहूनही फोन नव्हता. "माणसानं विचारायला तरी हवं," आई कुरकुरायच्या. शेवटी ताईनंच फोन लावला, माझ्यासमोर, तोही स्पीकरवर. "तुम्ही फोन का नाही केलात?"

"तुमचा विचार चाललेला असेल म्हटलं. मध्ये कशाला यायचं?"

ताईनं फोनवर हात ठेवला. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. "हा आतून चिनी आहे गं!"

फोन चालूच होता. पलीकडून घाबरा आवाज आला, "नाही हो, आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं आहे."

लग्न झालं. स्टाफरूम तर आधीच शांत झाली होती, बशा वेळेवर रिकाम्या होत होत्या. इतकी शांतता मला काही मानवली नाही. मागच्या हिवाळ्यात मी धामनोदला गेले. ताई गल्ल्यावर. पंप घ्यायला आलेल्याला ती इतकं खोदून विचारत होती, की आपला जुना पंप दुरुस्त होईल हे त्याचं त्यालाच उमगलं. ताईचे यजमान मान डोलावून म्हणाले, "बरोबर आहे, घेऊ नका."

संध्याकाळी दोघं मला इंदूरच्या बसपर्यंत सोडायला आले. ताई हायवेच्या कडेला हात उंच करून उभी. एक बस न थांबता गेली. दुसरीही गेली. "तुम्ही पण हात करा ना!" ती त्यांच्यावर खेकसली.

"थांबायची असेल ती थांबेल," ते म्हणाले.

आणि तिसरी थांबली. कोणाच्या हातामुळे नाही, ड्रायव्हरला चहा प्यायचा होता. त्यांनी हळूच ताईकडे पाहिलं. मी इतकी हसले, की चढताना पायरी चुकले.

बस सुटली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. ताई तावातावानं त्यांना काहीतरी विचारत होती, ते मन लावून ऐकत होते. बस थांबवायला वर केलेला तिचा हात खाली घ्यायचा राहूनच गेला होता. वाद घालता घालता तिनं तोच माझ्याकडे हलवला.