सुपरमोटोची चाकं आणि शेताची वाट

मित्रांनो, माझी डर्ट बाईक तुम्ही फोटोंत पाहिलीच आहे. आज सकाळी चिखलीत तिची खोल खाचांच्या टायरची उंच चाकं काढून रस्त्यावरची छोटी, रुंद, गुळगुळीत चाकं बसवली. झाली तिची सुपरमोटो! डांबरी वळणावर गाडी अशी झुकत होती की मी एकटाच हसत होतो.

देऊळघाटजवळ बाबांचा शेतातून फोन आला. "विंचू चावला रे. हात बधिर पडून राह्यला. लवकर ये."

शेताची वाट कच्ची, त्यात काल पाऊस झालेला. शंभर पावलांतच मागचं चाक काळ्या मातीत नुसतं गरगरायला लागलं आणि पुढचं मडगार्डमध्ये चिखल भरून जाम झालं. गाडी पुढे जाईना, मागे येईना. दहा मिनिटं रेस देऊन, ढकलून मी रडकुंडीला आलो. शेवटी तिला तिथेच आडवी टाकली आणि पळत सुटलो.

अर्ध्या वाटेत शेजारच्या शेतातले रहीमचाचा बैलगाडीतून बाबांना घेऊन येताना दिसले. बाबा घामाने निथळत होते.

"बस गाडीत," चाचा ओरडले. "पायी काऊन आला बे?"

दवाखान्यात इंजेक्शन झालं. बाबा आता बरे आहेत. मघाशी हळूच म्हणाले, "तुह्या गाडीचा आवाज येऊन राह्यला होता. मले वाटे, आलाच आता."



गाडी अजून चिखलातच आहे. सांगा, हौस आणि शेताची वाट तुम्ही एकाच गाडीवर कशी सांभाळता?