पाटी बदललेला किल्ला

अंबरनाथला आमच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये दिवाळीत मुलांची किल्ल्यांची स्पर्धा असायची. त्या वर्षी मी आणि माझ्या मैत्रिणीने मिळून किल्ला केला. ती जवळच्या निर्वासितांच्या छावणीतली, कॅम्प पाचची, फाळणीनंतर सिंधमधून आलेली. सिंहगड-रायगड सगळेच करतात, आपण माझ्या गावचा करू, असं ती म्हणाली. तिचं गाव हैदराबाद, सिंधमधलं.

बराकीच्या ओट्यावर बसून तिच्या आजोबांनी तिला सगळं सांगितलेलं होतं. पक्क्या विटांचा कोट, त्याच्या दरवाजापासून निघणारा लांबलचक बाजार, त्यात त्यांचं कापडाचं दुकान. सिंधू नदीतून जाणाऱ्या होड्यांवर तिथले राज्यकर्ते मीर जकात घ्यायचे, ती गोऱ्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत सलायची. आधी त्यांनी तह केले, मग तोफा आणल्या आणि कोटच गिळला. आम्ही मातीचा कोट रचला, काड्यापेट्यांची दुकानं मांडली, शेंगांच्या टरफलांच्या होड्या सोडल्या. भाऊबीजेला आजोबा बघायला येणार होते. मैत्रिणीचा सगळा जीव त्यातच होता.

पाडव्याला परीक्षक काका आले. "किल्ला झकास गं! पण महाराज कुठायत? उद्या साहेब बघायला येणार, त्यांना काय हा सिंधी बाजार दाखवायचा?"

आम्ही फराळाला घरात गेलो तेवढ्यात त्यांनी दुकानं उचलून फेकली, मावळे उभे केले, वर महाराज बसवले आणि 'सिंहगड' अशी पाटी खोचली. वर पहिलं बक्षीसही आम्हालाच! महाराजांवर माझा राग कधीच नव्हता. पण त्यांना असं दुसऱ्याच्या घरात नेऊन बसवणाऱ्याने अक्कल कुठे गहाण टाकली होती? आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

भाऊबीजेला आजोबा काठी टेकत आले. वाकून बघत राहिले.

"बाजार किधर है, बेटी?"

नातीने मान खाली घातली. मी बक्षिसाचा पितळी पेला उचलला आणि तडक काकांचं दार गाठलं. "गोऱ्यांनी निदान तोफा तरी आणल्या होत्या. तुम्ही नुसती पाटी बदललीत!" पेला त्यांच्या उंबऱ्यावर आपटला. घरी मार पडला तो नंतर.

परत आले तर आजोबा मातीत फतकल मारून बसले होते. कोटाच्या दरवाजापासून बोटाने जागा चाचपत पुढे सरकत होते. एका ठिकाणी बोट थांबलं.

"इधर था," ते म्हणाले.

तिथे एक मावळा भाला रोखून उभा होता.