मानेतल्या गाठी आणि माझी चिठ्ठी

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी डिचोलीत नवा डॉक्टर होतो. सर्वणहून एक बाई आली, बावीस-तेवीसची. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. माणसं मूळची सावंतवाडीकडची. तिच्या मानेत उजव्या बाजूला गाठी होत्या आणि रोज ताप. मी क्षयाची औषधं सुरू केली.

उठताना तिनं विचारलं, "डॉक्टरांनू, चेडवाक जवळ घेव मां?"

सहा महिन्यांची मुलगी अंगावर पीत होती. गाठींचा क्षय तसा पसरत नाही, हे मी शिकलो होतो. तरी म्हणालो, "सध्या नको."

तीन आठवडे झाले तरी ताप उतरेना, उलट औषधांनी डोळे पिवळे झाले. औषधं थांबवली आणि एक गाठ काढवून पणजीला तपासायला पाठवली. अहवाल आला : कर्करोगाचा संशय. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो नुसता ट्रकची किल्ली हातात फिरवत राहिला.

मला चैन पडेना. दुसऱ्याच दिवशी पणजी गाठली. गाठ तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी गाठीसोबत पाठवलेली माझीच चिठ्ठी पुढे सरकवली.

"'मानेत गाठ, क्षय?' एवढंच लिहिलंय तुम्ही. गाठी दुखतात?"

"हात लावू देत नाही."

"रक्तातल्या पांढऱ्या पेशी?"

"कमी झाल्यात."

"मग हे आधी कळवायचं कोणी?"

त्यांनी गाठीच्या कापाची काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "माझंही चुकलंच. कर्करोगाच्या वाटलेल्या ह्या पेशी मेलेल्या पेशींचा कचरा उचलणाऱ्या आहेत. पू नाही, क्षयाच्या खुणा नाहीत. जपानात प्रथम सापडलेला एक आजार आहे, बहुतेक तरुण बायकांना होतो. आपोआप बरा होतो."

"नक्की?"

"मी गाठीचे नवे काप बघते. तुम्ही तिला दर आठवड्याला बघा. दोघांचं जुळलं तर नक्की."

जुळलं. दीड महिन्यात ताप गेला, गाठी विरल्या.

मी सर्वणला तिच्या घरी गेलो. तोवर तिचं दूध आटलं होतं. मुलगी सासूच्या खांद्याला चिकटलेली. आईनं हात पुढे केले की किंचाळायची.

"तुम्ही सांगलात म्हणान मी येकदाव घेवक नाय," ती म्हणाली.

"ते माझं चुकलं," मी म्हणालो. "क्षय असता तरी तिला दूर ठेवायची गरज नव्हती."

ती आत निघून गेली. पुढं वर्षभर ती तपासायला वेळेवर येत होती. मुलीला मात्र तिनं माझ्याकडे कधीच आणलं नाही.