पोथीच्या पुठ्ठ्यातला कादंबरीकार

मालवणात माझं काम टिकलं ते वाचनालयात झाडलोट करणाऱ्या काकींमुळे. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

सहावीत शाळा सोडून मी सोलापूरकडून इतक्या लांब आलो आणि वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधू लागलो. इंग्रजी येत नव्हतं. बोटीवर नोकरी करणारे इथले लोक सुट्टीवर येताना इंग्रजी कादंबऱ्या आणून देत. त्यांची रंगीत कव्हरं मी काढायचो आणि चार-पाच कव्हरं खळीनं एकावर एक चिकटवून त्यांचाच पुठ्ठा करायचो.

एका सकाळी हेडमास्तर आले. त्याच संध्याकाळी एका इंग्रज कादंबरीकाराच्या आयुष्यावर त्यांचं व्याख्यान होतं.

"पाच नावांनी लिहिणारा हा माणूस एकच आहे. मागच्या कव्हरावर सगळं होतं, नावंसुद्धा. पुढं पिस्तुलाचं चित्र असलेलं पुस्तक. कुठंय ते कव्हर?"

कव्हरं काढून मी त्यांचा पुठ्ठा करतो, हे मी सांगितलं.

"माणसाचो आख्खो जल्म फाडून टाकलंस, मेल्या," त्यांच्याबरोबर आलेले वाचनालयाचे सेक्रेटरी म्हणाले. "सांजेपर्यंत सोदून काढ, नायतर गावाची वाट धर."

कव्हर कुठं गेलं ते मला आठवत होतं. काकींच्या वारलेल्या नवऱ्याची पोथी मी महिन्यापूर्वी बांधून दिली होती. ते तिच्या पुठ्ठ्यात होतं.

काकींनी केरसुणी खाली ठेवली. "खंय गेला ता?"

"तुमच्या पोथीत."

"म्हंजे म्हयनोभर मी पिस्तुलाक नमस्कार केलंय?"

त्या हसल्या नाहीत. घरी जाऊन पोथी घेऊन आल्या. "फाड."

"काकी, काकांची पोथी..."

"पानां ऱ्हवतली मा? मग फाड."

पुठ्ठा कापून काढला, कोमट पाण्यात घातला. थर सुटायला दुपार झाली. एका नावाजवळ कागद फाटू लागला तेव्हा माझा हात थांबला. काकींनी बोटानं तो कोपरा हळूच दाबून धरला.

संध्याकाळी मी दाराशी उभा होतो. हेडमास्तर वाचत होते: चौदाव्या वर्षी शाळा सुटली, गोदामात गोणी वाहिल्या, किती हस्तलिखितं परत आली, तरी लिहीत राहिला. मग नावं. चार झाली. पाचव्याला त्यांनी कागद दिव्याजवळ धरला. आणि वाचलं.

"उद्या वेळेर ये," जाताना सेक्रेटरी मला म्हणाले.

काकींची पोथी त्या दिवसापासून वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे. कधी तरी चांगला अखंड पुठ्ठा आणि लाल रेशमी कापड मिळवून मी ती माझ्या हातानं बांधून देणार आहे. आत कुणाचंही कव्हर नसेल.