वहिनी झोपल्या ती दुपार

दादाचं अपेंडिक्स फुटलं ते देवासला, भर लग्नात. तो आणि वहिनी धारहून नात्यातल्या एका लग्नाला आले होते. सकाळपासून पोट दुखतंय म्हणत होता, पण वरातीत नाचायचं काही सोडलं नाही. जेवणाच्या रांगेत हातात ताट घेऊन उभा असताना एकदम खालीच बसला. त्याच दिवशी तिथल्याच एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं. पोटात पू पसरला होता. डॉक्टर म्हणाले, थोड्या दिवसांत सोडतो. मग ताप उतरेना, आणि मुक्काम लांबत गेला.

माझं घर नर्सिंग होमपासून रिक्षानं अगदी जवळ. तरी वहिनी एकदाही झोपायला आल्या नाहीत. "ह्यांनी डोळे उघडले आणि मी समोर नसले तर?" एवढंच म्हणायच्या आणि वॉर्डाबाहेरच्या लोखंडी बाकावर पाय पोटाशी घेऊन बसून राहायच्या. मी सकाळी डबा करून पोचवायची, तिथून ऑफिस, ऑफिसातून परत नर्सिंग होम, मग घरी येऊन धुणं. डबा बहुतेक तसाच परत यायचा. कंटाळा म्हणावा असंही ते नव्हतं, नुसतं माझं अंग जड झालं होतं.

वहिनी गंधवानीच्या. शाळा सगळी हिंदीतून झालेली, मराठी वाचायला त्यांना अवघडच जातं. पण माहेरचं वळण जुनं, त्यामुळे मी पन्नाशी ओलांडली तरी मला अजून 'वन्सं' म्हणतात. आमचं भांडण असं कधी झालं नाही. आई गेल्यावर माझं धारला जाणं कमी झालं, त्यांचं बोलावणं कमी झालं, आणि सणावाराचे फोन तेवढे उरले. या आजारपणातही आम्ही बोलायचो ते ताप, गोळ्या आणि थर्मास यांच्याबद्दलच.

त्या रविवारी दुपारी मोठं ड्रेसिंग होतं. पू निचरायला पोटात घातलेली नळीही बघायची होती. नर्सनं आम्हा दोघींना जवळजवळ हाकललंच. "आंटी, अभी टाइम लगेगा. जाओ, कुछ खा के आओ. आपको चक्कर आ गया तो आपको भी भर्ती करना पड़ेगा."

समोरच शॉपिंग सेंटर होतं. थाळीच्या हॉटेलात बाहेरपर्यंत माणसं उभी होती. वरच्या मजल्यावर नूडल्सचं एक हॉटेल, लाल कागदी कंदील लावलेलं, तिथे भिंतीकडेचं एक टेबल रिकामं दिसलं. मी वहिनींना तिथेच बसवलं. मेनू सगळा इंग्रजीत. मशरूम नको, अंडं नको, असं करत शेवटी पनीर आणि मक्याचे दाणे घातलेले दोन व्हेज रामेन मागवले.

बाऊल आले ते केवढे! वहिनींनी वाफेत तोंड घालून आत पाहिलं.

"वन्सं, ही तर मॅगीच. पाणी जास्त झालंय."

"रामेन म्हणतात याला. जपानी आहे."

"जपानात तिखट मिळत नाही का?"

त्यांनी पर्स उघडली, शेवेची पुडी काढली आणि बाऊलवर सढळ हातानं भुरभुरवली. मग मला न विचारता माझ्याही बाऊलवर. शेव घटकाभर तरंगली आणि मऊ होऊन बुडाली. चॉपस्टिक त्यांनी बाजूला सारल्या आणि चमच्यानं खायला लागल्या. नूडल्स घसरून परत बाऊलमध्ये पडत होत्या, पण सूप मात्र पोटात जात होतं. त्यांना काही गरम खाताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते. मी मान खाली घालून माझं खात राहिले. काही बोलले तर त्या थांबतील असं वाटत होतं.

मान वर केली तेव्हा त्या झोपल्या होत्या. चमचा हातात तसाच, डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. पायातली चप्पल सुटली होती आणि पावलं इतकी सुजलेली की बोटांवर जोडव्यांचे वळ पडले होते. मी अलगद चमचा काढून घेतला. त्यांना कळलंही नाही.

तेवढ्यात मॅनेजर आला. "मॅडम, हो गया हो तो टेबल खाली कर दीजिए, बर्थडे पार्टी आ रही है."

"भिया, थोड़ी देर रहने दो. अस्पताल से आए हैं."

त्यानं वहिनींकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता, पण दारात पंधरावीस माणसं फुगे घेऊन उभी होती. "मॅडम, खाली बैठने का तो..."

"खाली कुठे बसलेय?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. "एक और ले आओ. यही वाला."

दुसरा बाऊल आला. माझा पहिलाच संपला नव्हता. मी एकेक नूडल उचलून खायला लागले, शाळेतली मुलं मास्तरांसमोर नको असलेला डबा संपवतात तशी. सूप निवलं, वर तेलाचा तवंग आला, नूडल्स फुगून बोटाएवढ्या झाल्या. पलीकडे केक कापला, टाळ्या झाल्या, एक फुगा फुटला तेव्हा मीच दचकले. वहिनी हलल्या नाहीत. मलाही भिंतीला डोकं टेकावंसं वाटत होतं, पण दोघी झोपलो असतो तर मॅनेजरनं नक्कीच उठवलं असतं.

मग वहिनींच्या पर्समध्ये फोन वाजला. मी घाईघाईनं काढला. नर्सचा होता. नळी काढली, ताप नाही, पेशंट विचारताहेत, बाई कुठे आहेत म्हणून. तिनं फोन दादालाच दिला.

"कुठे आहात गं?" आवाज पार खोल गेलेला.

"समोरच. नूडल्स खातोय."

"काय खाताय?"

"ते जाऊ दे. वहिनी झोपल्यात, टेबलावरच. उठवू?"

 

"नको," तो म्हणाला. "झोपू दे तिला. ती रात्री बाकावर जागीच असते, मला दारातून दिसतं. मी मुद्दाम डोळे मिटून पडतो, म्हणजे तरी झोपेल."

मी फोन ठेवला. डोळ्यांत पाणी आलं ते मी सुपाच्या वाफेवर ढकललं असतं, पण सुपात वाफ कुठली उरलेली.

वहिनी आपल्या आपणच जाग्या झाल्या. हॉटेल निम्मं रिकामं झालं होतं. आधी फोन शोधला, मग माझ्यावर डाफरल्या. "वन्सं, उठवायचं ना! इतका वेळ? तिकडे हे..."

"दादाच म्हणाला उठवू नको."

मी त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.  त्यांनी आपला बाऊल पुढे ओढला आणि तो गारढोण लगदा खायला लागल्या. मी म्हटलं, सोडा आता ते. त्या म्हणाल्या, "अन्न आहे." नाक ओढत ओढत सगळा संपवला.

त्या रात्री त्या माझ्या घरी झोपायला गेल्या आणि दादापाशी मी थांबले. पुढे ताप परत आला नाही. दादाला सोडलं तेव्हा मीही गाडीत बसून धारला पोचवायला गेले. तो आता बरा आहे, पण पूर्वीसारखा नाही. जिना चढताना मध्येच थांबतो.

आम्ही दोघी काही मैत्रिणी झालो नाही. त्यांना गाडीतून उतरवलं, सामान आत ठेवलं, तेव्हा वहिनी दारात म्हणाल्या, "राहा ना आजचा दिवस."

"उद्या ऑफिस आहे, वहिनी."

त्यांनी मान हलवली. आग्रह करायचं त्राण त्यांच्यात नव्हतं, आणि करून घ्यायचं माझ्यात. आत दादा पाणी मागत होता. त्या तशाच वळून गेल्या, आणि मी गाडीत जाऊन बसले.