लाईट गेली की ताई यायच्या

माझी मुलगी आज माझ्याशी फोनवर बोलते, ती रसिकाताईंमुळे. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो. मला लिहायची सवय नाही, बाकीचं सांगता सांगता मुख्य तेच राहून जाईल अशी भीती वाटते. माझी शाळा सातवीत सुटली. गाव परांडा तालुक्यात, बायको आणि मुलगी कोमल तिकडेच असतात, आणि मी सतरा वर्षं झाली भिवंडीत लूम, म्हणजे कापडाचा यंत्रमाग, चालवतो. रसिकाताई म्हणजे आमच्या शेठची, नानाशेठची मुलगी. त्या गेल्या त्याला आता दीड महिना झाला.

त्या दिवशी माझी दिवसाची शिफ्ट होती. शेजारचे लूम इस्माईल चालवतो, तो जेवणाच्या आधी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. लूम चालू असताना आमच्यात कोणी ओरडत नाही, उपयोगच नसतो. ओठ बघायचे, हात बघायचे, त्यावरून बोलणं कळतं. त्याने ओठ हलवले, "दीदी नहीं रही." मी हाताने विचारलं, कोण? त्याने आपल्या कानाला हात लावला. आमच्या गाळ्यात त्या खुणेचं माणूस एकच होतं... तापाने त्या चार दिवस दवाखान्यात आहेत एवढं माहीत होतं, ताप उतरतोय असंही कोणी म्हणालं होतं. मी लूम बंद केला नाही. धोट्यातली सुताची कांडी संपली ती बदलली, तुटलेला धागा जोडला, हात आपले चालूच राहिले. त्याची अजून लाज वाटते.

ताई इंग्लंडला शिकायला गेल्या होत्या. माणसाला किती ऐकू येतं ते मोजायचं, कानाची मशीन बसवायची, असं ते शिक्षण. तिकडे नोकरी मिळत होती, पण त्या परत आल्या. आळीतल्या बायका तोंडावर म्हणायच्या, "एवढी लांब जाऊन शिकली काय, तर कान बघायला!" नानाशेठ तर आमच्यासमोरच हसायचे, "तिकरं राहिली असती त गोऱ्यांचे कान बगले असते. हिकरं काय हाय?" ताई नुसत्या हसायच्या. त्यांचा आवाज मुळातच बारीक.

सुरुवातीला त्यांनी रस्त्यावर एक खोली घेतली, पाटी लावली. कोणी गेलं नाही. मग शुक्रवारी, लूमच्या सुट्टीच्या दिवशी, फुकट तपासणी ठेवली. तरी कोणी गेलं नाही. शुक्रवारी आम्ही झोप काढतो, कपडे धुतो, नमाजवाले नमाजला जातात, गावी फोन करतो. आणि खरं सांगायचं तर भीती होती. लूमवाल्याला कान लागतात. धोटा नीट चालत नसेल तर डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. बहिरा म्हणून एकदा शिक्का बसला की शेठ दुसरा माणूस बघणार. मग गावाकडच्यांनी काय करायचं? म्हणून जो तो म्हणायचा, मला चांगलं ऐकू येतं.

एक दिवस ताई नानांचा डबा घेऊन आल्या आणि लाईट गेली. आमचे लूम थांबले, शेजारच्या गाळ्यातले थांबले, सगळी गल्ली गप्प झाली. आम्ही शिव्या द्यायला लागलो, कारण लूम थांबला की आमचं कापड थांबतं, आणि मजुरी कापडावर. ताई मात्र डबा हातात धरून दारातच उभ्या. म्हणाल्या, "केवढं शांत झालं!" कान तपासायला शांतता लागते, आणि आमच्या गल्लीत शांतता फक्त लाईट गेल्यावर असते, हे त्यांना त्या वेळी सापडलं. तेव्हापासून बॅटरीवर चालणारं ते यंत्र त्यांच्या स्कूटरवर कायम बांधलेलं असे. लाईट गेली की पाच मिनिटांत ताई गाळ्यात. "लाईट गई, दीदी आई," असं म्हणून इस्माईल खिशातला कंगवा काढायचा, आणि बाकीचे ओरडायचे, "अबे, लडकी देखने आई है क्या? कान साफ कर!"

लाईट कधी दहा मिनिटं जाणार, कधी तासभर, कोणाला सांगता येणार? ताईंनी तेवढ्यात काम बसवलं. एका वेळी एकच कान. एक जुनी वही होती, तिच्यात लिहायच्या... इस्माईल, उजवा झाला, डावा बाकी. मध्येच लाईट आली आणि लूम धडधडायला लागले की यंत्र लगेच बॅगेत. मी एकदा म्हटलं, "ताई, अर्धवट राहिलं." तर म्हणाल्या, "अर्धं झालं ना दत्तूभाऊ? अर्धं काल नव्हतं."

मला त्यांनी स्टुलावर बसवलं. डोक्यावर हेडफोन, आणि आवाज आला की बोट वर करायचं. मला तो बारीक आवाज येतच नव्हता. पण यंत्राचं बटण दाबताना त्यांचा अंगठा हलायचा, तो दिसत होता. अंगठा हलला की मी बोट वर. सतरा वर्षं डोळ्यांनीच तर ऐकत होतो! मनात म्हटलं, पास झालो. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या, मला उठवलं आणि स्टूल भिंतीकडे फिरवलं. "आता भिंतीकडे बघून बसा." मी बसलो. समोर चुन्याची भिंत आणि तिला चिकटलेला कापसाचा भुगा. वाट बघत राहिलो... बोट मांडीवरच राहिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला रडू फुटलं. मी एवढंच म्हणालो, "नानांना सांगू नका." त्या समोर आल्या, मला ओठ दिसतील अशा बसल्या आणि म्हणाल्या, "नाही सांगणार. घरी फोनवर कोण बोलतं तुमच्याशी?"

तेव्हा मी त्यांना कोमलचं सांगितलं. ती फोनवर यायचीच नाही. बायको म्हणायची झोपली, अभ्यास करते. एकदा बायकोनेच सांगून टाकलं, पोरगी घाबरते, बाबा सारखे चिडलेले असतात म्हणते. मी चिडलेला कधी होतो? दोन महिने विचार केला, काही सापडेना. ताईंना एका मिनिटात सापडलं. "तुम्हाला तुमचाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही ओरडता. तिला वाटतं रागावताय."

मशीन त्यांनीच मिळवून दिली. लूम चालू असताना कानात बुचं घालायची, लूम बंद झाल्यावर मशीन लावायची, हे चार वेळा बजावलं. पहिला फोन मी त्यांच्यासमोर केला. मी बोलत होतो आणि त्या समोर बसून हात खाली खाली करत होत्या... हळू, अजून हळू. पलीकडे कोमलने फोन उचलला होता. माझं ऐकलं आणि आईला विचारलं, "आई, हे कोण बोलतंय?" बापाचा साधा आवाज लेकीच्या ओळखीचा नव्हता. मी तिला पुन्हा माझं नाव सांगितलं. ती अर्धा तास बोलली. शाळेतलं, शेळीचं, कशाकशाचं.

एवढ्या सगळ्याच्या बदल्यात ताईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. कापसाचा भुगा उडतो म्हणून आम्ही डोक्याला रुमाल बांधतो. मी तो कानांवरून बांधायचो, आतली बुचं किंवा मशीन कोणाला दिसू नये म्हणून. ताई म्हणाल्या, "भाऊ, नानांसमोर एकदा रुमाल काढा. नाना आयुष्यभर या आवाजात बसलेत, त्यांनाही ऐकू येत नाही. माझं ते ऐकणार नाहीत. पण मशीन लावणारा माणूसही नीट काम करतो, हे तुमच्याकडे बघून त्यांना कळेल." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. मग म्हटलं, सणानंतर. मग, कोमलची परीक्षा होऊ दे. शेठने काढून टाकलं तर, हा विचार सुटत नव्हता. ज्या बाईने दहा मिनिटं लाईट गेलेली कधी फुकट घालवली नाही, तिला मी सात महिने थांबवलं. त्यांनी पुन्हा एकदाही आठवण करून दिली नाही, नुसत्या माझ्या रुमालाकडे बघायच्या आणि वही उघडायच्या.

बाराव्यानंतर नानांच्या अंगणात शोकसभा झाली. कोणीतरी म्हणालं, दोन मिनिटं शांत उभे राहू. आम्ही उभे राहिलो. पलीकडच्या गाळ्यांतले लूम चालूच होते. निघताना नानांनी माझा हात धरला. डोळे सुजलेले. म्हणाले, "दत्तू, ती काय बोलाची रं तुमच्याशी एवढी? मना पोरीचा कदी धड आयकूच आला न्हाय." मी नुसते ओठ हलवले, आवाज निघाला नाही. नाना माझ्या ओठांकडे बघत राहिले आणि ऐकू आल्यासारखी मान हलवली.

वही ताईंच्या आईने मला दिली. तुमचीच नावं आहेत म्हणाली. खोलीवर आल्यावर उघडली. पहिल्या पानावर, आमच्या सगळ्यांच्या वर, पहिलं नाव होतं: नाना. पुढे लिहिलं होतं, दोन्ही बाकी.

परवा दुपारी लाईट गेली. गल्ली गप्प झाली, कोणी शिवी दिली नाही. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं, इस्माईलचा हातसुद्धा खिशाकडे गेला आणि परत आला. स्टूल अजून तिथेच आहे, भिंतीकडे तोंड करून. ते कोणी फिरवत नाही.

ताईंची एक मैत्रीण कल्याणहून येऊन यंत्र चालवायला तयार आहे, मी विचारून ठेवलं आहे. हा लेख छापून आला तर शेठच्या घरी कोणीतरी वाचेलच, म्हणजे लपवायचं काही उरणार नाही. पण ते कागदावरचं झालं. ताई, मी घाबरट माणूस आहे, तारीख सांगत नाही. पण एक दिवस लाईट जाईल, मी नानांसमोर डोक्याचा रुमाल सोडीन आणि हाताला धरून त्यांना त्या स्टुलावर बसवीन. आधी उजवा. मग लाईट आली तर आली, डावा पुढच्या वेळी.